भिडूच्या खुणा

पुढच्या आठवड्यात मी कशी असेन हे माझ्या सासूबाईंना माहीत असतं. मला नसतं. तशी व्यवस्था मी स्वतः सही करून मान्य केलेली आहे.

माझं नाव केतकी शिर्के. कराडजवळच्या एका भूकंपमापन केंद्रात मी काम करते. कोयनेच्या खोऱ्यात जमीन कधी, कुठे आणि किती हलली ते बघत बसणं हे माझं काम. कॉलेजात असल्यापासून मला द्विध्रुवी विकार आहे. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात आणि घरात आम्ही 'चढ-उतार' म्हणतो. चढ असला की झोप लागत नाही, लागावी असं वाटतही नाही. डोक्यात एका वेळी दहा कल्पना असतात आणि दहाच्या दहा सोन्याच्या वाटतात. अशाच एका चढात मी आमच्या घोरपडे साहेबांच्या बंगल्याच्या बागेत यंत्रं पुरायला खड्डे खणून घेतले होते. साहेब दौऱ्यावर होते. ते परत आले तेव्हा त्यांचे गुलाब गेले होते, आणि मी त्यांना फाटकातच उभं करून गुलाबांपेक्षा पृथ्वी कशी महत्त्वाची ते समजावून सांगत होते.

उतारात सगळं याच्या उलट. दात घासणं हेसुद्धा मोठं काम होऊन बसतं आणि आपण घरातली जागा उगाच अडवून बसलोय असं मनापासून वाटतं. गोळ्यांनी दोन्ही टोकं बोथट झाली, पण गेली नाहीत. मग 'चाहूल' आली.

चाहूल म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. गळ्याच्या हाडाखाली कातडीत बसवतात. आपल्या अंगाचं तापमान दिवसभरात एका लयीत वर-खाली होत असतं. झोप आणणारी रसायनं संध्याकाळी चढतात आणि पहाटे उतरतात. पेशी साखर जाळून ताकद तयार करतात, त्या कामाचाही एक वेग असतो. धडधाकट दिवसांत या सगळ्या लयी एकमेकींना धरून चालतात. मन बिघडण्याआधी आठवडाभर त्या सुटायला लागतात. माणूस हसतोय, जेवतोय, त्याला काही पत्ता नाही आणि आतली घड्याळं मात्र पुढे-मागे व्हायला लागलेली. चाहूल ही तफावत मोजते आणि आधीच सांगते की चढ येतोय, उतार येतोय किंवा रेघ सरळ आहे.

खरी गंमत पुढे आहे. सुरुवातीच्या चाचण्यांत हा अंदाज रुग्णालाच देत असत. उतार येतोय असं ज्यांना कळलं, ते धास्तीनेच आधी आडवे झाले. चढाची बातमी मिळालेल्यांपैकी काही घाबरून जागे राहिले, तर काही खूश होऊन गोळ्या लपवून त्याची वाट बघत बसले. अंदाज सांगितला की अंदाजच बदलायचा. माझ्या कामात ही भानगड नाही. मुळात जमिनीचा असा अंदाज कोणाला देता येत नाही. समजा आला, आणि मी तिला सांगितलं की बाई, तू शुक्रवारी हलणार आहेस, तरी तिला ते ऐकू येणार नाही. माणसाला ऐकू येतं.

म्हणून नियम केला. अंदाज रुग्णाला द्यायचा नाही, त्याने निवडलेल्या सोबत्याच्या फोनवर पाठवायचा. सोबत्याने काही बोलायचं नाही. गोळ्यांच्या डबीत काय पडेल ते डॉक्टर दुरूनच ठरवतात, आणि दिसायला सगळ्या गोळ्या सारख्याच. सोबत्याने फक्त घरातला दिवस हळूच वळवायचा. चढ येणार असेल तर संध्याकाळी उजेड कमी, चहा कमी, झोप लवकर. उतार येणार असेल तर सकाळचं ऊन, चालणं, चार माणसं.

सोबती म्हणून माझ्या नवऱ्याचा, रणजितचा, प्रश्नच नव्हता. हा माणूस माझ्या वाढदिवसाला काही घेऊन आला की दारातूनच 'पिशवीत बघू नको' म्हणतो. मी त्याच्या आईंना निवडलं. त्या एसटीत कंडक्टर होत्या. सगळी नोकरी गाडीतल्या माणसांचे चेहरे वाचण्यात गेली, आणि त्यांचा स्वतःचा चेहरा कोणाला वाचता आला नाही.

शिवाय दर रविवारी दुपारी आमच्याकडे मेंढीकोटचा डाव बसतो. चौघांचा खेळ, समोरासमोर बसलेले दोघे भिडू. दहाचं पान म्हणजे मेंढी आणि जास्त मेंढ्या ओढेल ती जोडी जिंकली. एका बाजूला रणजित आणि शेजारचे बाबर मास्तर, दुसऱ्या बाजूला मी आणि आई. डॉक्टर पेंढारकर मॅडमनी आईंना सोबत्याचे नियम समजावले तेव्हा आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी भिडूला आपली पानं सांगायची न्हाईत. एवढंच न्हवं?"

मॅडमना ते फार आवडलं. मलाही आवडलं. मेंढीकोटमध्ये भिडूला पानं सांगत नाहीत हे खरंच आहे. पण खुणा करतात. आई खाकरल्या की हुकूम त्यांच्याकडे आहे, बांगडी मागे सारली की मेंढी हातात आहे. बाबर मास्तर माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या डावापासून आरडाओरडा करतायत, पण त्यांना अजून काही सिद्ध करता आलेलं नाही. तर अशा बाईला मी गप्प राहण्यासाठी निवडलं होतं.

सुरुवातीला मी प्रामाणिक होते. मग एका सकाळी आई म्हणाल्या, "चल गं, माझं गुडघं धरल्यात, संगमावर जरा फिरून यिऊ." गुडघे धरलेलं माणूस गरम पाण्याची पिशवी मागतं, फिरायला निघत नाही. मी चपला घातल्या. रोज सकाळी उन्हात आम्ही कृष्णा-कोयनेच्या संगमापर्यंत चालत गेलो, आणि पुढच्या आठवड्यात मला उतार लागला. हलकाच होता, लवकर गेला. पण माझ्या डोक्यात दिवा पेटला तो पेटलाच.

यात माझा दोष थोडा आहे आणि माझ्या धंद्याचा जास्त. पृथ्वीच्या पोटात कोणी बघून आलेलं नाही. बाहेर काय थरथरतं त्यावरून आत काय चाललंय हे ओळखायचं, हेच मी वर्षानुवर्षं करत आलेय. तेच आता घरात सुरू झालं. आईंनी बाबर मास्तरांच्या बायकोला अचानक चहाला बोलावलं, म्हणजे उतार. 'वीज जळतीया' म्हणून हॉलमधला एक दिवा बंद केला, म्हणजे चढ. माझे अंदाज बरोबर यायला लागले आणि मला त्याची मजा वाटायला लागली.

मजेची किंमत नंतर कळली. आईंनी भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा ठेवला तरी माझा हात थांबायचा. हे मला आवडतं म्हणून वाढलंय की पुढच्या आठवड्यासाठी? मी हसले की हसता हसता त्यांच्याकडे बघायची. त्या बघतायत का, कशा बघतायत. घरातलं जे माणूस मला सगळ्यात जवळचं वाटत होतं त्याचं मी यंत्र करून टाकलं होतं. मला याचं वाईट वाटायचं, आणि तरीही मी वाचणं थांबवलं नाही.

नोव्हेंबरात मला ती कल्पना सुचली. पावसाळ्यात धरण भरलं की खोऱ्यात बारीक धक्के बसतात. इतके बारीक की फक्त यंत्रांना कळतात. ते कुठे बसतात हे आम्ही नकाशावर मांडतो. एका दुपारी मी ते ठिकाणांऐवजी क्रमाने मांडून बघितले, आधी कोणता आणि मग कोणता. तर ते एका बाजूला सरकत होते. दर वर्षी, पाणी चढल्यावर, खोऱ्याच्या त्याच कडेने. म्हणजे पाणी जमिनीच्या आत कुठल्या वाटेने जातं ते दिसण्याची शक्यता होती. त्या वाटेच्या पुढच्या टोकाला आमचं एकही यंत्र नव्हतं.

खोलवर बसवायची नवी यंत्रं कुठे जाणार हे समिती येत्या सोमवारी ठरवणार होती. अशी संधी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नव्हता. मी नकाशा घेऊन घोरपडे साहेबांकडे गेले.

साहेबांनी तो उलटसुलट करून बघितला. "शिर्के मॅडम, हे चांगलं दिसतंय," ते म्हणाले. मग चष्मा काढला. "तुमची तब्येत बरी आहे ना? म्हणजे झोपबीप?"

"उत्तम आहे साहेब."

"मग सोमवारी तुम्हीच मांडा समितीपुढे."

मी घरी आले ती उडतच. रणजितला जेवताना सगळं सांगितलं, ताटाच्या कडेला लोणच्याच्या फोडी मांडून खोरं दाखवलं. तो हसत होता. मी सवयीने आईंकडे बघितलं. आई हसत नव्हत्या. त्यांनी उठून डोक्यावरची ट्यूब बंद केली.

"एवढा उजेड कशाला?" त्या म्हणाल्या. "आनि मला उद्यापासनं सांजच्याला च्या नको. केतके, तूबी कमी कर. लवकर पडत जा."

दिवा, चहा, झोप. तिन्ही पानं एकदम पडली होती. आई अंधारात बसून राहिल्या आणि थोड्या वेळाने अंथरुणाला लागल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच.

मी पडल्या पडल्या विचार करत होते. चढ येतोय, म्हणजे त्याची सुरुवात आत झालेली आहे. मग ती कल्पना कोणाची? धक्के खरंच सरकत होते की मला ते सरकताना दिसत होते? बागेतले खड्डे खणतानाही मला एवढीच खात्री होती. समितीपुढे उभी राहून मी पुन्हा तसलंच काही बोलले तर त्या केंद्रात मला कोणी नकाशाला हात लावू देणार नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, यापुढे काही सुचलं तर ते माझं आहे असं मला स्वतःलाच कधी म्हणता येणार नाही.

न राहवून मी आईंना विचारलं. "आई, एकच सांगा. चढ आहे ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळे मिचकावले, नजर बाजूला घेतली. "भिडूला पानं सांगत न्हाईत," त्या म्हणाल्या.

मला उत्तर मिळालं. सकाळी मी साहेबांना फोन करून सांगितलं की मला बरं नाही, सोमवारी काही मांडू नका. ते म्हणाले, "बरं." त्या एका शब्दातला सुटकेचा भाव मला ऐकू आला आणि फार लागला.

मग मी चढाचा बंदोबस्त सुरू केला. अंधाराने चढ शांत होतो हे जुनं शास्त्र आहे. डोळ्यांत उजेड गेला नाही की मेंदूतलं घड्याळ रात्र धरून बसतं आणि सुटलेल्या लयी ठिकाणावर यायला लागतात. मी रजा टाकली. खोलीच्या खिडकीला जाड चादर लावली, फोन बंद केला, संगमावर जाणं बंद केलं. दिवस असो की रात्र, पडून राहिले. रणजित ताट घेऊन यायचा. त्याला वाटलं डॉक्टरांनी सांगितलंय. आईंना वाटलं नवरा-बायकोत काही झालंय. पहिल्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला. शनिवार उजाडेपर्यंत मला काहीच वाटत नव्हतं, आणि ताटातलं निम्मं तसंच परत जात होतं.

शनिवारी सकाळी दार उघडून आई आल्या आणि त्यांनी चादर ओढून काढली. ऊन थेट तोंडावर आलं.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "काय झालंय तुला? पेंढारकर बाईंचा फोन आला हुता. इचारत हुत्या, घरात काय चाललंय म्हनून."

"तुम्हाला माहीत आहे काय चाललंय ते. चढ येतोय. मी तुमचंच काम हलकं करतेय."

"चढ येतोय असं कुनी सांगितलं तुला?"

"तुम्ही." मी उठून बसले. माझा आवाज चढला होता. "दिवे बंद केलेत. चहा बंद केलात. लवकर पडत जा म्हणालात. मी वाचत नाही का आई तुम्हाला? वर्षभर वाचतेय."

आई पलंगाच्या कडेला बसल्या. उन्हाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि त्या पदराने ते टिपत होत्या.

"आगं, त्या खुना न्हवत्या," त्या म्हणाल्या. "ते माझं हुतं."

"तुमचं काय?"

"मोतीबिंदू. दोन्हीबी डोळ्यांत. दिव्याकडं बघितलं की आग हुती नुसती, पानी गळतंय. आनि पित्तापायी दवाखान्यातनं च्या बंद केलाय. लवकर पडतीया ती डोळं मिटून बरं वाटतंय म्हनून."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? डोळं अधू झालेल्या डायवरला गाडीवरनं उतरवत्यात. फोनवरची अक्षरं मला हलत्याली दिसत्यात, हे त्या बाईंना कळलं आसतं तर मला काढून रणजितला भिडू क्येला आसता. त्याचं त्वांड बघून तुला चार दिसांत सगळं कळलं आसतं. म्हनून गप ऱ्हायले."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. आम्ही दोघी एकमेकींपासून लपवत होतो, तेही एकमेकींसाठीच. आईंनी कमरेला खोचलेला फोन काढला. तो आधी लांब धरला, मग जवळ, मग वैतागून माझ्या हातात दिला.

"खेळ बाद झाला तर झाला," त्या म्हणाल्या. "तूच बघ."

मी ती रेघ पहिल्यांदा बघत होते. रोज यंत्रांच्या रेघा बघणाऱ्या माणसाला त्यात नवं काही नसावं, पण ही रेघ माझी होती. मी नकाशा मांडला ती दुपार शोधली. त्याच्या आधीचा आठवडा शोधला, नंतरचे दोन दिवस शोधले. रेघ सरळ होती. साहेबांकडे गेले तेव्हा सरळ. लोणच्याच्या फोडी मांडल्या तेव्हा सरळ.

"आई, यात काही नाहीये."

"तेच तर. मी काय सांगनार हुते तुला? सांगन्यासारखं काय हुतंच कुठं?"

म्हणजे ती कल्पना माझी होती. तो आनंदही माझा होता. चुकीची असेल कदाचित, समिती हसेलही, पण ती आजारातून आलेली नव्हती. कॉलेजपासून आजपर्यंत हे मला कोणीच सांगू शकलं नव्हतं. मी आईंच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडले.

त्याच फोनवरून, स्पीकर लावून, पेंढारकर मॅडमना फोन केला. त्यांनी आधी दोघींनाही झापलं. मग म्हणाल्या, "केतकी, चढ नसताना तुम्ही चढावरचा उपाय केलात. सरळ चाललेल्या घड्याळाला अंधारात कोंडलंत. आता मात्र खरंच उतार दिसतोय. गुरुवार-शुक्रवारकडे."

"थांबवता येईल?"

"उथळ करता येईल. आजपासून सकाळचं ऊन, चालणं. गोळ्यांचं मी बघते. पूर्ण थांबेल असं वचन देत नाही. आणि शिर्के आजी, डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या. तोवर अंदाज कोण वाचणार?"

"मीच," आई म्हणाल्या. "अक्षरं तेवढी मोठी करून द्या."

बोलणं संपलं तरी आईंचा फोन माझ्याच हातात होता. बोट आपोआप मागे सरकायला लागलं. वर्षभराची रेघ होती त्यात. कधीचं काय माझं होतं आणि काय नव्हतं, सगळं एका जागी. उन्हाळ्यात नणंदेच्या मुलाचं बारसं झालं, तेव्हा मी पाळण्यापाशी उभं राहून गायले होते. एरवी चारचौघांत मी तोंड उघडत नाही. त्या दिवशी बायका रडल्या होत्या.

"आई, बारशाच्या दिवशी काय होतं?"

आईंनी फोन काढून घेतला आणि कमरेला खोचला.

"ते मला म्हाईत हाय आनि मी सांगनार न्हाई," त्या म्हणाल्या. "गानं ब्येस झालं हुतं. पोरगं झोपलं त्या गान्यानं. त्यात काय तपासायचं?"

मी आणखी एकदा विचारलं असतं तर त्यांनी कदाचित सांगितलंही असतं. मला कुतूहल होतंच, अजूनही आहे. पण मी विचारलं नाही. मी तोंड धुतलं, आईंना काळा चष्मा दिला, आणि आम्ही संगमाकडे चालायला लागलो. पाय जड झाले होते. उतार अजून लांब होता, पण त्याचं वजन थोडं थोडं जाणवायला लागलं होतं. पहिल्यांदाच मला तो येताना दिसत होता आणि मी त्याला घाबरून पळत नव्हते. मी मनात दिवस मोजत होते.

नदीकाठच्या बाकावर आई बसल्या तेव्हा मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, सोमवारी समितीपुढे मी मांडते. जागा आहे ना?"

"आहे," ते म्हणाले. "पण मॅडम, तुम्हाला बरं नव्हतं ना?"

"बरं होतं साहेब, मला माहीत नव्हतं. गुरुवारपासून नसेल. म्हणून सोमवारी मांडते आणि गुरुवारपासूनची रजा आजच टाकते."